लाल चिंधीचा नियम

मोहाडी,
१२ डिसेंबर १९८४

चि. घनश्याम,

इकडे सारे ठीक. धान कापून झाले, शेतातल्या बांध्या मोकळ्या आहेत. जमशेदपूरला थंडी असेल, छाती सांभाळ.

तहसील कचेरीतल्या टिकारामला रेडिओवर चालणाऱ्या विमानांचे वेड लागले आहे. कलकत्त्याहून इंजिन मागवले आणि शिकवा म्हणून माझ्या मागे लागला. हौसेला मोल नाही. पहिल्याच दिवशी बोटाने पंखा फिरवायला गेला आणि नख फोडून घेतले. मग त्याला काठीने पंखा मारायला शिकवले. नवे इंजिन आधी पाटाला कसून, इंधनात एरंडेल जास्त घालून, तासभर सावकाश चालवायचे, हे शिकवले. विमान आपल्याकडे येऊ लागले की डावे-उजवे उलटे होते, तेही सांगितले.

पुढचा नियम मात्र मी सर्वांत शेवटी सांगितला. आपल्या दोघांचे विमान चालवायचे सेट एकाच लहरीचे, म्हणून आपण लाल चिंधी ठेवली होती. ज्याच्या मनगटावर चिंधी, त्यानेच सेट चालू करायचा. दुसऱ्याने केला, तर हवेतले विमान कोणाचेच ऐकत नाही.

"गुरुजी, असं कोणी करते काय?" टिकारामने विचारले.

"करते," मी म्हणालो आणि घरी निघून आलो.

तार केली होती, तरी आईच्या तेरवीला तू आला नाहीस. लोक बोलले. बायजामावशी म्हणाली, "मायचा डोळा फोडला, आता कोणत्या तोंडानं येईल?" मी खाली मान घालून पंगतीत वाढत राहिलो.

शेवटच्या आठवड्यात आई रोज विचारायची, "घनश्यामले लिवलं का? त्याले म्हणावं, माह्या डोळ्याचं मनाले लावून घेऊ नको, येऊन जाय." मी दरवेळी हो म्हणालो. पत्र एकही टाकले नाही. लिहायला बसलो असतो, तर खरेच लिहावे लागले असते.

ते आता लिहितो. सत्त्याहत्तरच्या त्या रविवारी तू विमान उतरवत होतास आणि आई डबा घेऊन शेताच्या धुऱ्यावरून येत होती. चिंधी तुझ्या मनगटावर होती. माझ्या नव्या विमानाचे शेपूट हलते का, एवढेच पाहायला मी माझा सेट चालू केला. क्षणभरच. तुझे विमान वळले आणि सरळ आईच्या तोंडावर गेले.

तू डावे-उजवे चुकला नव्हतास. ओरडलो मात्र मीच, "डावं-उजवं कळत नाई काय तुले?" तू ते खरे मानलेस आणि घर सोडलेस. मला लाज वाटते, पण त्याहून जास्त तेव्हा सुटल्यासारखे वाटले होते, हेही लिहून ठेवतो.

आईला सांगायला माझ्याकडे सात वर्षे होती. ती तुला माफ करून गेली, आणि तू तर काही केलेच नव्हतेस.

धाकट्या भावाला आशीर्वाद लिहायची आपली रीत. आज तो हक्क मला नाही. तुझ्या पायांवर डोके ठेवतो.

यादोराव