बत्तीस कार्डांची अडवलेली जागा

३ मार्च
आजपासून कर्नल सडपातळ करायचा. हिला समजावून सांगितलं, की कॉम्प्युटरच्या या मुख्य कारभाऱ्याच्या पोटात एका जुनाट साउंड कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे ते कार्ड चालवणारा प्रोग्राम, आहे आणि त्याने बत्तीस कार्डांची मेमरी आधीच अडवून ठेवलीय. कार्ड एकही नसलं तरी. हा शुद्ध माज आहे. कार्ड सापडेल तेव्हाच जागा मागायची, झालं. ही म्हणाली, किती वाचेल? पंधरा केबी. म्हणाली, फोनमधला एक फोटो याहून मोठा असतो. प्रश्न तत्त्वाचा आहे. शिवाय कर्नलमध्ये माझं नाव लागेल.

८ मार्च
पॅच, म्हणजे माझी कोडमधली दुरुस्ती, पाठवला. ड्रायव्हर सांभाळणारे गृहस्थ (मी त्यांना द्वारपाल म्हणतो) विचारतात, खऱ्या कार्डावर चालवून पाहिलं का. माझा कोड वाचला असता तर असलं विचारलं नसतं.

१२ मार्च, सकाळ
कार्ड सापडलं! सासरेबुवांच्या कॉम्प्युटरमध्ये. ते त्यावर रोज नभोनाट्यं ऐकतात. म्हणाले, जावईबापू, बिघडणार नाही ना? म्हटलं, उलट मेमरी वाचेल. म्हणाले, मला कुठे कमी पडतेय?

दुपार
कॉम्प्युटर सुरूच होईना. कार्ड शोधायलाच ती जागा लागते आणि मी ती कार्ड सापडल्यावर मागितली होती. किरकोळ.

१३ मार्च
कोडमधली जागा मागणारी ओळ वर सरकवली. नाटक खणखणीत वाजलं. सासरेबुवांनी चहा स्वतः करून दिला. द्वारपालांना टेस्ट कळवली.

१५ मार्च
द्वारपालांची नवी खुसपटं. एखाद्याकडे दोन-तीन कार्डं असली तर? आता मात्र डोकं फिरलं. सगळ्या फोरमवर विचारून आलो. एकाकडेही हे कार्ड नाही.

१९ मार्च
सणसणीत उत्तर पाठवलं. जगात हे कार्ड एकट्या माझ्या सासऱ्यांकडे आहे, हे घ्या पुरावे. आता बोला म्हणावं.

२१ मार्च
द्वारपाल बोलले. पुरावे पूर्णपणे मान्य. एका माणसासाठी ड्रायव्हर सांभाळण्यात अर्थ नाही, म्हणून तो अख्खाच काढून टाकला. पॅचची गरज उरली नाही. म्हणजे सगळीच मेमरी वाचली, मी तर थोडीच वाचवणार होतो. विजय माझाच आहे. ड्रायव्हर काढल्याच्या नोंदीत, कारणाखाली, माझे आभारही मानलेत.

संध्याकाळी सासरेबुवांना सांगितलं. म्हणाले, म्हणजे पुढच्या अपडेटनंतर आवाज बंद, आणि खाली जावयाचं नाव? म्हटलं, हो, आडनावासकट. ते उठले, कॉम्प्युटरची नेटची वायर काढली आणि खिशात घालून फिरायला गेले.