दाखवण्यापुरता रंग

३ फेब्रुवारी
आज किल्ल्या हातात आल्या. प्रोजेक्ट नंबर एक. तिसरा मजला, दोन खोल्या, किचन, लिफ्ट नाही. निवृत्तीचे सगळे पैसे यात गेले. 'गेले' हा शब्द हिचा, मी 'लावले' म्हणतो. प्लॅन सरळ आहे. पडेल भावात घेतलं, दोन महिन्यांत नटवून विकायचं. त्या नफ्यातून दुसरं, दुसऱ्यातून तिसरं, आणि तिसऱ्याच्या नफ्यातून आपलं स्वतःचं ऐसपैस घर. ही म्हणाली, लग्न झाल्यापासून भाड्याच्या घरांतून सामान हलवतेय, तर हेच आपलं म्हणून ठेवलं तर नाही का चालणार? हिला बिझनेस कळत नाही. इन्व्हेस्टरने घरात पैसे गुंतवायचे, जीव नाही, असं तिला समजावून सांगितलं. वाक्य झकास जमलं, म्हणून इथे लिहून ठेवतोय.

७ फेब्रुवारी
रंगारी येऊन गेला. बेडरूमच्या भिंतीला डॉक्टरसारखा हात लावला, बोटांनी टकटक करून पाहिलं. वरच्या बाथरूमची ओल उतरतेय म्हणाला. मग विचारलं, रंग दाखवण्यापुरता हवाय की राहण्यापुरता? राहण्यापुरता म्हणजे प्लास्टर खरवडायचं, वरच्यांच्या हातापाया पडून त्यांची फरशी उखडायची आणि भिंत वाळेपर्यंत स्वस्थ बसायचं. मी ताबडतोब दाखवण्यापुरता म्हणालो. मला थोडंच तिथे राहायचंय?

१२ फेब्रुवारी
प्लंबर आणि सुतारालाही तेच सांगितलं. किचनचा नळ आतून टेप गुंडाळून बसवलाय, बाहेरून चकाचक. अर्धाच फिरवायचा. बाथरूमचं दार किंचित उचलून ढकललं की लागतं. लोकांसमोर मीच लावून दाखवीन, म्हणजे प्रश्न मिटला. गुडघे दुखतायत. संकल्प: रोज दोनदा जिना. व्यायामही होईल, देखरेखही.

१ मार्च
'घर विकणे आहे'चा बोर्ड लागला. एजंट नेमला. दोन्ही कानांना दोन फोन लावून माझ्याशी बोलतो. दहा दिवसांत घर उडेल म्हणाला.

९ मार्च
इस्त्रीचा शर्ट घालून सकाळपासून बसलोय. चार पार्ट्या यायच्या होत्या. तीन आल्याच नाहीत. चौथीने फाटकातून फोन करून लिफ्ट आहे का विचारलं. नाही म्हटल्यावर, आलोच म्हणाले. अजून येतायत.
संकल्प स्थगित. जिना एकदाच.

२२ मार्च
घर उडालं नाही. एजंट म्हणतो, रिकामं घर विकलं जात नाही. लोकांना भिंती दिसतात, संसार दिसत नाही. म्हणून भाड्याच्या घरातला आमचा सोफा, पडदे आणि कपाट इथे आणलं. सोफा मी आणि मेव्हण्याने चढवला. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर तो असा काही अडकला की ना वर, ना खाली. दुसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ ऑफिसची बॅग छातीशी धरून सोफ्यावरून चालत गेले. मेव्हण्याने विचारलं, घर घेणाऱ्याला सोफा फुकट आहे की सोफा घेणाऱ्याला घर? हिच्या माहेरचे सगळे असेच.

३० मार्च
एजंटची नवी आयडिया: घरात बाईमाणूस वावरताना दिसलं पाहिजे, चहाचा दरवळ पाहिजे. हिला तयार केलं. कामाची वाटणी अशी: खोल्या मी दाखवायच्या, चहा आणि गोडवा हिच्याकडे.
आज एक शिक्षक सहकुटुंब आले. घर आवडलेलं चेहऱ्यावर दिसत होतं. त्यांची बायको हिच्याशी किचनमध्ये बोलत बसली. चहानंतर शिक्षक सरळ बेडरूममध्ये गेले आणि कपाटामागे हात घालून भिंत चाचपली. मग म्हणाले, घरी विचारून सांगतो. घरचे झाडून सगळे, सासूसकट, सोबत आलेले होते. आता कोणाला विचारणार कोण जाणे.

१२ एप्रिल
बँकेतला माणूस. चहा पिऊन उठला तो थेट नळाकडे. पूर्ण फिरवला. माझा इस्त्रीचा शर्ट गेला. हल्ली लोक फार अभ्यास करून येतात. अर्थात खरं कारण व्याजदर.

२० एप्रिल
एक निवृत्त नर्सबाई एकट्याच आल्या. तासभर हिच्याजवळ बसल्या, बेडरूमकडे पाहिलंही नाही. जाताना हिचा हात हातात घेतला आणि मला म्हणाल्या, तुमची बायको फार चांगली आहे. घरवाल्यांचं कौतुक म्हणजे घराचं कौतुक. सौदा झाल्यातच जमा. हिला तसं म्हणालो, तर ही कपबश्या विसळत राहिली.

२६ एप्रिल
नर्सबाईंनी मागच्या गल्लीत घर घेतलं. दमलो.

५ मे
किंमत खाली आणली. एजंट त्याला 'पाडली' म्हणतो. मी 'ॲडजस्ट केली' म्हणतो. त्यातच घरमालकाचा निरोप: मुलगा परत येतोय, महिनाअखेर जागा सोडा. नवीन भाड्याची जागा बघायची तर डिपॉझिट लागणार, आणि सगळा पैसा तर तिसऱ्या मजल्यावर अडकलेला. खूप विचार करून निर्णय घेतला: तात्पुरतं साइटवरच राहायचं. मोठमोठे बिल्डरही राहतात. माझं वाक्य पुरं व्हायच्या आत हिची भांडी बांधायला काढून झाली होती.

१८ मे
साइटवर राहतोय. नळ टपटपतो. बाथरूमचं दार हिला उचलत नाही, त्यामुळे दर वेळी मला हाक. हिने खिडकीत तुळस लावली, हॉलमध्ये खिळा ठोकून घड्याळ टांगलं. विकाऊ घराच्या भिंतीला भोक पाडतेस, असं मी ओरडलो. ही म्हणाली, घरात संसार दिसला पाहिजे ना? हा एजंटचाच मुद्दा असल्याने खिळा राहिला. सकाळी ही गुणगुणत होती. किती वर्षांनी ऐकलं. पण त्याचा बिझनेसशी संबंध नाही.

२ जून
आज एक जोडपं वेळेआधी आलं तेव्हा मी बाथरूममध्ये होतो. दार आतून उचललं ते भलतंच उचललं गेलं आणि घट्ट बसलं. ओरडणार, तेवढ्यात किचनमधून हिचा आवाज आला. ही त्यांना शांतपणे सांगत होती की बेडरूमच्या भिंतीत ओल आहे, वरून रंग फासलाय. नळ टेपवर आहे, अर्ध्याच्या पुढे नेऊ नका. आणि बाथरूमच्या दाराचं म्हणाल, तर आमचे हे आत्ता आत अडकलेत, दोन मिनिटांत हाक मारतील.
मी हाक मारली. त्या गृहस्थांनी दार उचलून मला बाहेर काढलं. घरी विचारून सांगतो म्हणाले.
म्हणजे शिक्षक, बँकवाला, नर्सबाई, सगळे! व्याजदराचा काही संबंधच नव्हता. मी आकांडतांडव केलं. ही म्हणाली, लोक आयुष्याची पुंजी घालायला येतात, कसं आहे घर म्हणून मला विचारतात, त्यांना चहा पाजून खोटं कसं बोलू? मग म्हणाली, आणि हो, हे घर जाऊ नये असंही मला वाटत होतं. सगळ्या दोषांसकट मला हे हवंय. तुम्ही कधी विचारलंच नाहीत. डोळ्यांना पदर लावला. मी गॅलरीत जाऊन उभा राहिलो. बोर्ड वाऱ्याने वाजत होता.
तरीही धोरण ठरलं. पुढच्या पार्टीच्या वेळी हिची रवानगी भावाकडे.

१५ जून
ही भावाकडे. जाताना तुळशीला पाणी घालून गेली.
पार्टी आली. तरुण जोडपं, मुलीला सातवा महिना. चहा मी केला. नळ मी अर्धाच फिरवला. दार मी लावून दाखवलं. इतकं बिनचूक प्रेझेंटेशन मी उभ्या नोकरीत दिलं नसेल. त्यांना घर पसंत. टोकन खिशात घेऊनच आले होते. मुलगी बेडरूममध्ये गेली आणि नेमक्या त्या भिंतीला हात लावून म्हणाली, पाळणा इथे ठेवू.
तिथे नको, ओल आहे, असं कोणीतरी म्हणालं. खोलीत आम्ही तिघंच होतो.
एकदा तोंड उघडल्यावर मग नळही सांगितला, दारही सांगितलं, आणि कोणी न विचारता खिडकीची चिकटवलेली काचही दाखवली. पोरगा टोकन खिशात परत ठेवताना चक्क थँक्यू म्हणाला. असं का झालं ते कळत नाही. बहुतेक प्रोफेशनल एथिक्स.

१६ जून
एजंटने किल्ली परत केली. तुमच्या घरात दोघंही सारखीच आहेत म्हणाला. ही भावाकडून परत आल्यावर सांगितलं, मार्केट बरोबर नाही, सध्या होल्ड करतोय. ही नक्की ना, नक्की ना, असं दोनदा विचारून किचनमध्ये गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. बोर्ड मी उतरवला. आता तो कुंडीखाली आहे.
आपण हरलो, असं आज पहिल्यांदा स्पष्ट वाटलं. झोप मात्र चांगली लागली.

४ जुलै
माझ्या उशीमागे रंगाला फुगे आले आणि सकाळी एक पापुद्रा थेट कपाळावर पडला. रंगाऱ्याला बोलावलं. त्याने भिंतीला हात लावला आणि फेब्रुवारीतल्याच आवाजात विचारलं, दाखवण्यापुरता की राहण्यापुरता? ही चहा घेऊन दारात उभी होती. माझ्याकडे बघत नव्हती, ट्रेकडे बघत होती.
राहण्यापुरता, म्हणालो.
मग त्याने सगळं पुन्हा ऐकवलं. खरवडणं, वरच्यांच्या हातापाया पडणं, भिंत वाळेपर्यंत थांबणं. आणि तोवर घर रिकामं करा. मेव्हण्याला फोन केला. या म्हणाला, आणि सोफाही येतोय का ते विचारलं.

६ जुलै, दुपार
हे सोफ्यावर बसून लिहितोय. सोफा दुसऱ्या मजल्याच्या वळणावर आहे. ना वर, ना खाली. मेव्हणा दोरी आणायला गेलाय. ही वरच्या पायरीवर मांडीवर तुळस घेऊन बसलीय. पाठ धरलीय माझी, गुडघ्यांबद्दल तर बोलायलाच नको.
आत्ताच दुसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ ऑफिसची बॅग छातीशी धरून आले. विकलं का शेवटी, म्हणून त्यांनी मला विचारलं. मी तोंड उघडायच्या आत ही वरून म्हणाली, नाही हो, आम्ही इथेच राहतो, जरा रंग काढतोय. मग माझ्याकडे पाहिलं. मी हो म्हणालो आणि त्यांना जायला सोफ्यावर सरकून जागा करून दिली.