कुत्रीचा कान

अण्णा, तुम्ही असतात तर त्या माणसाला शेडच्या बाहेर काढलं असतंत. मी त्याला चहा पाजला.

धरणाकडच्या एका वाइन रिसॉर्टचा मालक तो. मोबाइलमध्ये फोटो घेऊन आला होता. जुन्या रोमन काळातली संगमरवरी शिकारी कुत्री, मागच्या पायांवर बसून मान वळवलेली. "सेम टू सेम पाहिजे, मॅडम." आपल्या शेडमध्ये जन्मभर नंदीच घडले. मला वाटलं, एक तरी जनावर असं करू, ज्याच्यापुढे कुणी नारळ फोडणार नाही. सगळा पावसाळा तिच्यात गेला.

कान करायला घेतला की तुम्ही आठवता. मी पहिला नंदी केला तेव्हा तुम्ही जेवण अर्धवट टाकून आलात, त्याच्या कानाला बोट लावलंत आणि म्हणालात, "हा कान आहे का पापड चिकटवलाय? जनावर ऐकतंय असं वाटत नसेल, तर तो नुसता दगड." पुढे कितीही कान केले तरी तुम्ही कधी बरा आहे म्हणाला नाहीत, आणि मग गेलातच. या कुत्रीचा डावा कान मात्र जमला. मागून कुणीतरी येतंय हे ऐकणारा. तो पुरा झाला तेव्हा मीच मागे वळून पाहिलं.

मालक येतो, तिच्याभोवती फिरतो, तोंड वाकडं करतो. "फारच नवी दिसते हो. फोटोतलीचा कान तुटलाय, हिचाही फोडा. वरून चहाचं पाणी मारा, पिवळी पडेल. पाहुण्यांना जुनी वाटली पाहिजे. नाहीतर मी नेणार नाही." बोलताना अंगठ्या घातलेली बोटं तिच्या थोबाडावर टकटक वाजवत होता. मला किळस आली. त्या बोटांची, धडधाकट जनावराला जखम करून ती मिरवायच्या हौसेची, आणि हो म्हणाले तेव्हा माझीसुद्धा. नंदीचा टवका उडाला तर तुम्ही तो गिऱ्हाइकाच्या नजरेस पडू देत नव्हतात. कापडात गुंडाळून गोदावरीत सोडून यायचात आणि त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाहीत. याला भंगलेलंच हवं होतं.

आता ती त्याच्या दारात बसलीये. लोक तिच्या डोक्यावर वाइनचे ग्लास ठेवून फोटो काढतात, एकाने तिच्या तोंडात सिगारेटचं थोटूक खोचलेलं मी पाहिलं. पुन्हा तिकडे जाणार नाही.

आई विचारत असते, "कान सोडला का गं नदीत? घरात ठेवू नको, बरं नाय ते." सोडला, असं मी सांगते.

हे पत्र तुमच्या हत्यारांच्या पेटीत ठेवतेय. कानही तिथेच आहे. त्याने फोडायला सांगितला होता, अण्णा, पण हात उठला नाही. बारीक छिन्नीने मुळापासून सोडवून अख्खा काढला, आणि डोक्यावर उरलेल्या जागेला हातोड्याने तुटल्यासारखं केलं. तुम्हाला दाखवायचा होता.