घसा बसला की

इंदोरा, नागपूर
३ डिसेंबर १९७८

प्रिय सिंधूताई यांना पुष्पलताचा सप्रेम जयभीम.

तुमचं कार्ड पोचलं. देवरावभाऊजींचा गुडघा आता बरा आहे हे वाचून जीव भांड्यात पडला. इकडे सगळे ठीक. दोन्ही मुलांची हॉस्टेलवरून पत्रं येतात. मी सोडून सगळे ठीक, असं म्हणायला हवं. माझे टॉन्सिल पुन्हा सुजले होते. थुंकी गिळायची तरी डोळ्यांत पाणी यायचं. आता उतार आहे, पण आवाज अजून फाटक्या ढोलकीसारखा येतो.

तुम्ही लिहिता, "वैनी, एकदाचं काढून टाका अन् मोकळ्या व्हा." सगळेच असं म्हणतात. माझा घसा म्हणजे जणू गावची चावडी झाली आहे, ज्यानं त्यानं येऊन मत देऊन जावं! मुख्याध्यापिकाबाई म्हणतात, ऑपरेशन करा, पण सुटीत करा. शेजारच्या बायजाबाईंनी भाजलेला कांदा फडक्यात गुंडाळून गळ्याला बांधायला लावला, तर पहिल्या बाकावरच्या मुलींनी नाकाला रुमाल लावले. बर्डीवरच्या होमिओपॅथीवाल्यांनी साबुदाण्यासारख्या गोळ्या दिल्या आणि कांद्याचा वाससुद्धा वर्ज्य म्हणून सांगितलं. आता गळ्यातल्या कांद्याचं काय करायचं, हे त्यांना विचारू की बायजाबाईंना? आमच्या संगीताच्या बाई म्हणाल्या, "ऑपरेशन केलं की आवाज घोगरा होतो हो. माझ्या मावशीचा झाला." मावशींचं वय विचारलं, तर पंचाहत्तरीच्या पुढे!

तुमच्या भावाचं निदान सगळ्यात सोपं. "तू बोलतेच लय. जरा कमी बोल, टॉन्सिल आपोआप बसते." शिवाय संत्री बंद. बाजारात संत्र्यांचे ढीग लागले आहेत, हे स्वतः पिशवी भरून आणतात, माझ्यासमोर बसून सोलतात आणि मला म्हणतात, "तू पाहू पण नोको."

धंतोलीत कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवून आले. तिथे यवतमाळपासून चंद्रपूरपर्यंतची माणसं बाकांवर बसलेली, त्यामुळे निम्मा दिवस गेला. डॉक्टरांनी कपाळावरचा आरसा डोळ्यावर ओढला, जीभ दाबली आणि सांगितलं, काढायला हवेत. या वयात लहान मुलांपेक्षा त्रास जास्त होतो, पण असं वरचेवर पू धरत राहिलं तर पुढे सांधे धरतील, हृदयालाही धोका. "पेनिसिलिनच्या सुया किती वर्षं टोचून घेणार आहात, बाई?" मी आरोग्यशास्त्र शिकवते. यातलं काही मला नवीन नव्हतं, आणि तरीसुद्धा "घरी विचारून कळवते" असं पुटपुटत मी बाहेर आले. घरी कुणाला विचारायचं होतं, देव जाणे. म्हणजे तोही नाही.

आईंची तब्येत छान आहे. माझ्याशी बोलणं अर्थातच नाही. घरात गॅस आला आणि त्यांची शेगडी मागच्या अंगणात गेली, तेव्हापासूनचा अबोला तुम्हाला ठाऊकच आहे. शेगडी हलवायचं ठरवलं त्यांच्या मुलानं, अबोला मात्र सुनेशी! जी आधी बोलेल ती हरली, असा त्यांचा कायदा, आणि मीही काही कमी नाही. मी हाताच्या अंतरावर उभी असते आणि त्या म्हणतात, "वसंता, तिले सांग, भाकर झाली." मग मी म्हणते, "अहो, आईंना सांगा, हात धुऊन येते." तुमचे भाऊ मधल्यामध्ये तारमास्तर झाले आहेत. कधी वैतागून निरोपांची अदलाबदल करतात.

माझं ऑपरेशन निवांत व्हावं म्हणून भाऊजींना पाठवून आईंना खाप्याला नेण्याचं तुम्ही लिहिलंय. तुमची माया कळते. पण घाई करू नका. तिकडे कन्हान नदीच्या काठी थंडी फार. शिवाय ऑपरेशनचं माझं नक्की नाही. उन्हाळ्यात करावं म्हटलं तर उन्हाळ्यात रक्त जास्त जातं म्हणतात, पावसाळ्यात जखम चिघळते म्हणतात.

हे वरचं वाक्य लिहून मी पुन्हा वाचलं. वर्गात एखाद्या मुलीनं हे लिहिलं असतं तर मी लाल शाईनं "कोण म्हणतात?" असं विचारलं असतं. पण खोडत नाही. पत्र टाकायला आत्ताच जाते, नाहीतर हेही राहून जाईल.

तुमची,
पुष्पलता


इंदोरा, नागपूर
१९ डिसेंबर १९७८

प्रिय सिंधूताई,

सप्रेम जयभीम. मागच्या पत्रात मी खोटं काही लिहिलं नव्हतं, पण खरं सगळं लिहिलं नव्हतं. ते पत्र टाकल्यापासून मला चैन नाही. डायरीतही मी तेवढंच टाळत आले, म्हणजे स्वतःपाशीसुद्धा लबाडी चाललेली. आज लिहिते. तुम्हाला राग आला तर मला चालेल, पण भाऊजींनी खाप्याहून बस धरण्याआधी हे पत्र पोचायला हवं.

त्या पत्रानंतर आठवडाभरातच मला पुन्हा ताप भरला. घसा असा मिटला की तोंडातून शब्द निघेना. वर्गात फळ्यावर लिहून शिकवलं. मुली इतक्या शहाण्यासारख्या बसल्या की मला त्यांचाही राग आला. घरी येऊन पडले, तर आई आल्या. पदरात मीठ-हळदीची वाटी. खाटेशी बसल्या आणि बोलायला लागल्या.

होय, माझ्याशी! मधे वसंता नाही, निरोप नाही.

"आ कर. अजून मोठा कर. शाळेत तं लय मोठं तोंड उघडते, इथं काहून लाजून राहिली?" आणि अंगठ्याला मीठ-हळद लावून माझी पडजीभ उचलली. तुमच्या लहानपणी त्यांनी तुमचीही उचलली असेल. घसा दुखतो तो पडजीभ खाली लोंबल्यामुळे, ती वर दाबली की माणूस बरं होतं, यावर त्यांची पक्की श्रद्धा. अंगठा आत गेला की डोळ्यांपुढे काजवे चमकतात. मग त्या हात धुतात, परत येऊन बसतात आणि बोलत राहतात. हे काही पहिल्यांदा झालं नाही, ताई. प्रत्येक तापाला असंच होतं. त्यांचा कायदा मोठा अजब आहे: समोरच्याला उत्तरच देता येत नसेल, तर ते बोलणं अबोल्यात मोडत नाही! माझा घसा सुटला, मी "आई" म्हणायला तोंड उघडलं, की त्या उठून अंगणात जातात.

त्या तेवढ्या दिवसांत मी त्यांच्याकडून काय काय ऐकलं आहे! गिरणीत कामाला जाताना त्या भाकरीवर मिरचीचा ठेचा घेऊन जायच्या आणि मुकादमाला मुद्दाम त्यातला घास द्यायच्या. तुमच्या भावाला शाळेत घालताना मास्तरांनी जन्मतारीख विचारली, तर आईंनी "जंव्हा गहू सोंगून राहिलो होतो तंव्हा" असं कापणीवरून सांगितलं आणि मास्तरांनी मनानं एक तारीख टाकून दिली. आपण ज्या तारखेला यांना ओवाळतो, ती त्या मास्तरांची! मी हसले की घसा फाटायचा. त्या म्हणायच्या, "हासू नोको वं, पू फुटन."

आता जे लिहायला अवघड जातं ते लिहिते. धंतोलीच्या डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी माझ्या घशात नखाचा ओरखडा पाहिला होता. "घशात कोण बोट घालतं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "चमचा लागला असेल." आरोग्यशास्त्र शिकवणारी मी, मुलींची नखं तपासणारी मी, सरळ खोटं बोलले. ते म्हणाले, "कुणी बोट घालत असेल तर बंद करा. त्यानंच पुन्हा पुन्हा बिघडतं." मी घरी आले आणि काही बोलले नाही. पुढच्या तापात पुन्हा तोंड उघडलं. ऑपरेशन पुढे ढकलण्यासाठी मी ऋतूंना नावं ठेवली, त्याचं कारण हे. टॉन्सिल गेले की ताप गेला, आणि ताप गेला की त्या खाटेशी येऊन बसणार नाहीत. तेवढ्यासाठी मी घशात पू बाळगून होते. हे प्रेम म्हणावं की मूर्खपणा, मला ठरवता येत नाही. माझ्या हट्टाचा भाग त्यात किती, तेही कळत नाही. मीच आधी बोलले असते तर हे सगळं संपलं असतं. पण शेगडी मी हलवली नव्हती ना!

या वेळच्या तापात त्या एकदम म्हणाल्या, "सिंधीनं बोलावलं हाय मले. पोरगी चांगली हाय, जीव लावते. पण मी गेली तं वापस आणाले कोण येते? वसंताले सुटी भेटत नाही. तू तं बोलतच नाही." आणि माझ्याकडे बघत राहिल्या. मी खुणा केल्या, हात जोडले, त्यांचा हात धरला. त्यांना वाटलं पाणी हवंय. पाणी आणून दिलं.

ताई, तुमच्याकडे त्यांचं काही कमी होईल असा याचा अर्थ घेऊ नका. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवून सांगितलेलं मी तुम्हाला कळवते आहे, हेही बरोबर की चूक, मी दोन दिवस घोळवलं. पण न सांगता तुम्हाला नाही म्हटलं असतं, तर तुम्ही थंडीचंच कारण खरं मानलं असतं.

शनिवारी डॉक्टरांकडे चिठ्ठी पाठवून ऑपरेशनची तारीख घेतली आणि रविवारी आवाज फुटला. आई अंगणात उन्हात बसून तूर निवडत होत्या. मी समोर उभी राहिले आणि म्हटलं, "आई, शुक्रवारी माझं ऑपरेशन आहे. तुम्ही खाप्याला जायचं नाही."

त्यांनी मान वर केली नाही. "वसंता, तिले सांग, मले आयकू नाही आलं."

आतून हे ओरडले, "आयकू नाही आलं म्हणते!"

इतका संताप आला मला! घसा धरून मी सगळ्या जोरानं तेच पुन्हा म्हटलं. पलीकडून बायजाबाईंचं डोकं भिंतीवर आलं. "मले आलं वं आयकू! आई, तुमची सून बोलली!"

"बोलली नं?" आईंनी सूप खाली ठेवलं. "पयले तीच बोलली. बायजे, तू साक्षीले हायेस." आणि मग माझ्याकडे बघून, सरळ माझ्याकडे, "काहून करते ऑपिशन? मी हावो नं. अंगठा हाय नं माहा."

इथे गप्प बसले असते तर दिवस किती गोड गेला असता. पण मला ते जमत नाही. मी म्हटलं, "आई, अंगठा आता घालायचा नाही. त्यानं बरं होत नाही, बिघडतं. डॉक्टरांनी सांगितलंय, आणि मलाही आधीच कळलं होतं."

त्यांनी सूप पुन्हा मांडीवर ओढलं. मला वाटलं, झालं, दुसरा अबोला सुरू. बायजाबाईसुद्धा भिंतीमागे गेल्या. मग आईंनी अगदी हळू विचारलं, "मंग मी काय करू?"

"बसा माझ्याजवळ. ऑपरेशननंतर मला बरेच दिवस बोलायचं नाही. तुम्ही बोला."

"अन् नंतर? बरी झाल्यावर?"

मी म्हटलं, "नंतर मीही बोलेन. भांडू."

"भांडू म्हणते," त्या पुटपुटल्या आणि पुन्हा तूर निवडायला लागल्या. हसल्या की नाही, मला दिसलं नाही.

शुक्रवारी सकाळी मला धंतोलीत दाखल करतील. मला भीती वाटते. सुरीची तर वाटतेच, पण टेबलावर आडवी असताना मनात येईल की हे सगळं मी आधी का नाही केलं, याची जास्त वाटते. आई दवाखान्यात येणार म्हणतात. नर्सबाई त्यांना आत सोडणार नाहीत, आणि त्या ऐकणार नाहीत, तेव्हा तिथेही एक तमाशा होणार, हे धरून चाला.

हे लिहीत असताना त्या मागे येऊन उभ्या राहिल्या. "काय लिहून राहिली सिंधीले?" म्हटलं, "तुम्ही येत नाही म्हणून." तर म्हणाल्या, "असं नोको लिहू, तिले वाईट वाटन. लिह्य, वैनीचा गळा कापून राहिले, म्हातारीले जागचं हलता येत नाही." जसं सांगितलं तसं लिहिलं आहे.

ताई, तुम्ही त्यांची मुलगी आहात, तुमचा हक्क माझ्याआधी. तो मी मागते आहे आणि आता घशात काही ठेवून मागत नाही. भाऊजींना पाठवू नका. आईंना माझ्याकडे राहू द्या.

तुमची वैनी,
पुष्पलता