चिखलदऱ्याची कॉफी ‘बरी आहे’

आई, आज कोणालातरी सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही, आणि दादाच्या फोनला तिकडे चिखलदऱ्यात रेंज नाही, म्हणून तुलाच सांगते. आपली झाडं वाचली गं! घरामागची, तू लावलेली कॉफीची झाडं. दादा ती उपटून पर्यटकांसाठी खोल्या बांधणार होता. त्याचंही चुकत नव्हतं. वर्षभर राबायचं आणि व्यापाऱ्याने कॉफी मातीमोल भावाने उचलायची, असंच चाललेलं. मी हट्टच धरला. म्हटलं, एक हंगाम थांब, पुण्यात कोणी चांगल्या भावाने घेतली तर झाडं राहतील, नाहीतर खुशाल जेसीबी आण. “बरं,” म्हणाला, “पण तोडाले तूच ये.”

मग काय, ऑफिसात रजा टाकली आणि गेले. पहिली फांदी हातात धरली नि तू शेजारी हजर! मी नुकतीच शाळेतून आलेली असते, खेळायला पळायचं असतं, म्हणून अख्खी फांदी ओरबाडते, हिरवी-लाल फळं सगळी टोपलीत. तू टोपलीत हात घालून बघतेस आणि कडाडतेस, “काऊन वं, हिरवी काऊन तोडली? पिकू दे नं त्याईले!” असला राग यायचा तुझा! फक्त लाल तोडायची, चार दिवसांनी परत त्याच झाडाशी यायचं, मग आणखी एकदा. आणि एवढं करून आपल्या घरात कॉफी कधी झालीच नाही. अंगणभर कॉफी वाळत घातलेली आणि चुलीवर चहा उकळतोय. तिची चव तुला कळलीच नाही, याचं मला आज फार वाईट वाटतं. यंदा दादाही मदतीला आला आणि फांद्या ओरबाडायला लागला, तेव्हा मीही तश्शीच ओरडले. “आईच आली वाटते हिच्या अंगात,” म्हणाला, पण नंतर निमूटपणे लाल फळंच तोडत राहिला.

सदाशिव पेठेत एक गृहस्थ स्वतः कॉफी भाजून विकतात. मागच्या आठवड्यात त्यांना नमुना देऊन आले. तेव्हा चष्म्यावरून बघत म्हणाले होते, “चिखलदऱ्याला लोक भजी खायला जातात, असं ऐकून होतो.” आज उत्तर घ्यायला गेले, तर त्यांनी माझ्यासमोरच ती कॉफी केली. एक घोट घेतला, खिडकीबाहेर बघत बसले. मग दुसरा घोट.

“बरी आहे.”

आई, पुण्यात याहून मोठं कौतुक नसतं! तरी मी विचारलं, “म्हणजे आपण घेणार ना?”

“अहो, दुसरा घोट उगाच घेतला का? सगळी पाठवा. आणि पुढच्या वर्षीची दुसऱ्या कोणाला कबूल करू नका.” भर रस्त्यात नाचायचीच बाकी राहिले होते मी!

हे लिहितानाच दादाचा फोन लागला. ऐकून हसायलाच लागला. “राहू दे मग झाडं,” म्हणाला. “पण तुले कॉफीचं एवढं येड कवापासून लागलं वं?” मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली.

हे पत्र कुठे जायचं नाही, म्हणून तुला खरं सांगते. कॉफीसाठी नव्हते भांडले मी. तू गेल्यापासून इतकी वर्षं पुण्यात काढली, पण इथे तू मला कुठेच भेटत नाहीस. तिथे, त्या झाडांत, भेटतेस. हे दादाला सांगायचा मला धीर झाला नाही.