खालच्या कप्प्यातलं बीट

उमरगा, मंगळवार

प्रिय शामल,

सोलापूरच्या होस्टेलात रविवारी उकडलेलं अंडं मिळायचं. माझं मी गुपचूप तुझ्या ताटात सरकवायची, तुझं केळं माझ्याकडे यायचं आणि सिस्टर दोघींनाही शहाण्या मुली म्हणायच्या. काल केळं सोलताना आठवलं. तुझे गुडघे कसे आहेत? माझा एक रुसलाय, दुसरा अजून ऐकतो.

‘मटणाच्या पिशव्या पुरे झाल्या, नीरजाला घरी पाठव,’ हे तुझं पत्र पोचलं. आधी इथली हकिकत ऐक. तुझी लेक लवंगेचं तेल घालून पातळ फिल्म बनवते. ताजं मटण त्यात गुंडाळून थंडीत ठेवलं की त्यावरचे घातक जंतू सावकाश वाढतात (मटण अमर होत नाही, हे तिनं मला तीनदा बजावलं). काही तुकडे फिल्ममध्ये, काही साध्या पिशवीत, असे सहा दिवस ठेवून रोज एक जोडी तपासायची होती. दुसऱ्याच दिवशी तिच्या इथल्या लॅबचा फ्रिज बंद पडला. पोरीची तीन महिन्यांची मेहनत वाया जाणार म्हणून मी आमचा खालचा कप्पा रिकामा करून दिला. लिंगायताच्या घरातला, अगं!

चौथ्या दिवशी ह्यांनी फ्रिज उघडला. जन्मात मटण पाहिलेलं नाही. “जगदेवी, बीट लई ताजं राहिलंय की! लवंगेचा वास बी येतोय.” मी म्हटलं, ताजं आहे खरं. (यात खोटं काय?) ह्यांनी गल्लीभर कौतुक केलं आणि संध्याकाळी शेजारची सिद्धम्मा कोशिंबिरीला दोन फोडी मागत वाटी घेऊन दारात!

नीरजाला राहवलं नाही. तिनं सगळं सांगून टाकलं. हे उठले, डोक्यावरून आंघोळ केली, लिंगपूजा केली, जेवले नाहीत. मी मनात तिची बॅग भरायला घेतली. मग ह्यांनी तिला हाक मारली.

“पोरी, हे बलभीम खाटकाच्या दुकानातलं ना? तुझ्या ह्या फिल्मनं त्याच्या गिऱ्हाइकाची लेकरं आजारी पडणार न्हाईत?”

“कमी पडतील, काका. नीट ठेवलं, नीट शिजवलं तर.”

“मग सहा दिवस पुरे कर.”

आणि स्वतः दूध, दही, लोणी उचलून सिद्धम्माच्या फ्रिजात ठेवून आले. अडतीस वर्षांच्या संसारात मी ह्यांना असं पाहिलं नव्हतं. सहाव्या दिवशी फिल्ममधल्या तुकड्यांवर जंतू पुष्कळ कमी निघाले. नीरजा मला मिठी मारून रडली. अशी लेक चार महिने माझ्या घरात ठेवलीस, तुझे उपकार कसे फेडू?

तुझी,
जगदेवी

ता. क. फिल्म एकदा जमली, पण आणखी दोनदा जमायला हवी म्हणे. ह्यांनी नवीन फ्रिज सांगितलाय. जुना तिचा.

ता. क. दुसरा. बसबरोबर डबा पाठवतेय. शेंगापोळ्या तुला चार, नारायणरावांना एक (साखर वाढलीय ना त्यांची?), चटणीची बाटली तुझ्या शौनकला. नीरजा डब्यात नाही. ती दिवाळीपर्यंत आम्हाला.