बिनकागदी भाष्याचे प्रकाशन

३ मार्च, इबादान
पंधरा वर्षे खपून सिद्ध केलेले, बायबलमधील स्तोत्रांवरचे माझे भाष्य आता वाचकांपर्यंत जाणार. मोकोला पेठेतल्या छापखानदाराने तीनशे प्रतींचे नऊ लाख नायरा सांगितले. कागद परदेशी, म्हणे डॉलरवर चालतो. निश्चय केला: ई-पुस्तक. कागद नाही, शाई नाही, टेम्पो नाही. आत्म्यास देह कशाला हवा? खर्च शून्य.

१९ मार्च
कन्या मोरेनिके म्हणाली, "बाबा, मजकूर तपासायचा, पानं लावायची, मुखपृष्ठ काढायचं, हे काय देवदूत करून देणार?" शून्यात किंचित भर पडली. दोन लाख ऐंशी हजारांची.

६ एप्रिल
पुस्तक विक्रीस आले. ऑनलाइन दुकानदार प्रतीमागे तीस टक्के ठेवून घेतो. चर्चला दशमांश देताना कुरकुरणाऱ्यांनी हे पाहावे. खप दोन: एक मी, एक मोरेनिके. चर्चमधील भगिनी म्हणाल्या, "स्वस्त आहे हो बाबा, पण डेटा कोण भरणार?" म्हणजे वाहतुकीचा खर्च वाचकावर गेला. योजना यशस्वी.

२ मे
प्रकाशनास गावातले बडे मानकरी चीफ आयांतोला येणार. रीतीप्रमाणे त्यांनी फीत सोडून पहिली प्रत उंच धरायची, देणगीचा आकडा पुकारायचा, मागोमाग सभागृहाने. फोनवर विचारतात, "पण उचलू काय? तुमचा मोबाइल?"
छापखानदाराकडे एकच प्रत मागितली. तो हसला. "बाबा, खर्च यंत्र लावण्याचा. मग एक काय नि शंभर काय!"
उपाय सुचला. पत्नीच्या कुक्कुटपालनाच्या पुस्तकास माझे मुखपृष्ठ चढवले. ती म्हणाली, "अहो, उघडलं म्हणजे?" प्रकाशनात पुस्तक कोणी उघडत नसते.

१० मे
चीफनी उघडले. गंभीर स्वरात वाचले, "पहिल्या आठवड्यात पिल्लांना ऊब द्यावी." सभागृह गरजले, "आमेन!" चीफनी पाच लाख पुकारले आणि प्रत काखेत मारली. इतरांनीही सढळ हाताने दिले आणि प्रतींसाठी रांग लावली. लिंक पाठवतो, असे मी नम्रपणे सांगितले. मागून कोणीतरी ओरडले, "पैसे हातात घेतलेत ना बाबा, मग पुस्तकही हातात द्या!"

२८ जून
छापून घेतले. दर वाढला होता. समारंभाची सारी जमा त्यातच गेली. असो. ग्रंथास अखेर वजन आले. चीफना पहिली खरी प्रत सविनय पाठवली. ते मर्मज्ञ आहेत, वाचतील.

२९ जून
चीफच्या ड्रायव्हरने प्रत परत आणली. निरोप असा: "आधीचंच बरं होतं. सगळी पिल्लं जगली. बाबांना म्हणावं, दुसरा भाग असेल तर पाठवा, किंमत कितीही असो."